दोर सोडला, ऋण सुटले काय?

ज्या प्राण्याने वर्षानुवर्षे आपला भार वाहिला, त्याचे वाहणे थांबल्यावर धन्याचे त्याच्याशी काय नाते उरते? प्रश्न साधा दिसतो, आणि बहुतेक गृहस्थ त्याचे उत्तरही साधेच देतात : त्याला मोकळे सोडावे, रान आहे, गवत आहे, ओढा आहे, ज्या ईश्वराने जन्म दिला तोच चाराही देईल. घोड्याच्या बाबतीत तर हे उत्तर विशेष उदार वाटते. आयुष्यभर ज्याच्या तोंडात लगाम होता, त्याचा लगाम काढला, अगाडी-पिछाडी सोडली आणि त्याला कुरणात हाकलले, ह्याहून मोठी दया ती कोणती? परंतु सोडणाऱ्याच्या मनाला जे औदार्य वाटते, त्याने सोडलेल्याच्या शरीराचे काय होते हे पाहिल्यावाचून त्या कृत्यास धर्म म्हणता येत नाही. विचार करावयाचा तो एवढ्याचाच : घोडा मोकळा सोडल्याने धन्याचे ऋण सुटते काय?

ह्या विचारास तमिळनाडूतील कुंभकोणम् हे क्षेत्र फार अनुरूप आहे. कावेरीकाठच्या ह्या मंदिरांच्या नगरात दगडी घोड्यांना तोटा नाही. शार्ङ्गपाणीच्या मंदिराचे गर्भगृहच रथाच्या आकाराचे असून तो रथ दगडी घोडे व हत्ती ओढीत आहेत. नागेश्वराच्या मंदिरातील एक मंडपही चाकांचा रथ म्हणूनच घडविलेला आहे. गावाजवळच दारासुरम् येथे बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या पुढल्या मंडपास चाके कोरली असून रथाचा घोडा जणू आता झेप घेईल अशा आवेशात आहे. २००४ साली ह्या मंदिराची गणना जागतिक वारशात झाली. तमिळ प्रदेशातील अनेक खेड्यांच्या वेशीवर अय्यनार ह्या ग्रामरक्षक देवापुढे भाजलेल्या मातीचे मोठमोठे घोडे नवस म्हणून उभे करतात, आणि त्यांच्यावर बसून देव रात्री गावाची राखण करतो अशी लोकांची श्रद्धा आहे.

घोड्याचा एवढा मान ज्या भूमीने केला, तेथे हाडामांसाचा घोडाही पुष्कळ राबला. स्थानकापासून देवळापर्यंत यात्रेकरूंना नेणारे तमिळ गावांतील वाहन म्हणजे जटका, अर्थात एका घोड्याचा छोटा टांगा. पुढे मोटार आली, ऑटोरिक्षा आली, आणि जटका रस्त्यावरून दिसेनासा झाला. गाडी निकामी झाली की मोडीत निघते. घोडा मात्र गिऱ्हाईक संपले त्या दिवशी संपत नाही. नीट निगा मिळाली तर तो २५ ते ३० वर्षे जगतो. म्हणजे त्याच्या कामाची वर्षे सरली तरी आयुष्याची वर्षे उरतात, आणि त्या उरलेल्या वर्षांचा धनी कोण, हाच खरा प्रश्न आहे. दगडाच्या घोड्याला तहान नाही, मातीच्या घोड्याच्या खुरात चिखल कुजत नाही. त्यांची पूजा सोपी आहे. जिवंत घोड्याचे तसे नाही.

मोकळ्या घोड्याला गवत मिळते, हे खरे. परंतु गवत म्हणजे सर्व काही नव्हे. प्रथम गवताचाच विचार करावा. कुंभकोणमच्या आसपासची जमीन बहुतेक भाताखाली आहे. श्रावणापासून पौषापर्यंत सांबा नावाचे मुख्य पीक शेतात उभे असते, आणि जनावरास उरतात ते बांध, नदीचे काठ व रस्त्यांच्या कडा. तेथे शिरलेला घोडा कोणाच्या तरी काठीचा धनी होतो. कापणीनंतर मिळणारा भाताचा पेंढा पोट भरतो, पण पोषण थोडेच करतो. तीनशे किलो वजनाच्या तट्टाला कोरड्या हिशेबाने रोज ५ ते ६ किलो चारा लागतो, आणि तो दिवसभर थोडाथोडा मिळावा लागतो. कारण घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि फार वेळ रिकामे राहिले तर त्यास व्रण पडतात. उलट, भुकेल्या घोड्याला एकदम कोवळे गवत किंवा दाणा भरपूर मिळाला तर पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होतो आणि तो कायमचा लंगडाही होतो. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले अपायकारक अन्न बाहेर टाकण्याचा मार्ग निसर्गाने त्याला दिलेला नाही. पाणी दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक.

दुसरी गोष्ट निवाऱ्याची. महाराष्ट्रात पाऊस आषाढ-श्रावणात कोसळतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांत, ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येतो. तेव्हा सारी भूमी चिखलाची होते. चिखलात दिवसरात्र उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर मऊ पडून कुजू लागतात, सतत भिजलेल्या पाठीवर खपल्या धरतात. घोडा उभ्याने झोपतो, त्याला जागा कशाला हवी, असे पुष्कळांस वाटते. उभ्याने तो केवळ डुलकी घेतो. गाढ झोप घ्यावयाची तर त्याला आडवे व्हावेच लागते, आणि ओल्या अथवा निर्धास्त नसलेल्या जागी तो आडवा होत नाही. म्हणून ज्याला कोरडे ठाण नाही, त्या घोड्याला पुरी झोपही नाही. शिवाय कुरणातील घोड्याचे खूर वाढत राहतात व सहा-आठ आठवड्यांनी ते तासावे लागतात. दातांना धारदार कडा येतात. पोटात जंत होतात. गोमाश्या सरा नावाचा घातक ताप पसरवितात. आणि एखाद्या गंजक्या खिळ्याच्या जखमेने धनुर्वात होण्याचे भय घोड्याला इतर पशूंहून अधिक असते. ह्यांतील एकही गोष्ट गवत करीत नाही. ती माणसाच्या हातानेच व्हावयाची असते.

आता धर्माच्या दृष्टीने पाहावे. गीतेचा वक्ता हा घोडे हाकणारा होता, हे आपण नित्य स्मरतो. परंतु तो घोडे राखणाराही होता, हे क्वचित स्मरतो. महाभारताच्या द्रोणपर्वातील चौदाव्या दिवसाचा प्रसंग पाहा. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. प्रत्येक घटका मोलाची आहे, शत्रूची सेना चहूंकडून लोटत आहे. अशा वेळी घोडे थकले, बाणांनी जखमी झाले. अर्जुन रथातून खाली उतरला आणि पायांवर उभा राहून त्याने साऱ्या सैन्यास थोपवून धरले. घोड्यांना पाणी नव्हते, तेव्हा त्याने अस्त्राने भूमी भेदून सरोवर निर्माण केले आणि बाणांचेच एक घर उभारले. त्या शरगृहात श्रीकृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगांत रुतलेले बाण काढले, आपल्या दोन्ही हातांनी त्यांची अंगे चोळली, त्यांना फिरविले, पाणी पाजले, चारा खाऊ घातला. त्यांचा शीण गेल्यावर मगच त्यांना पुन्हा रथास जोडले.

ह्या कथेतील क्रम ध्यानात घ्यावा. पाणी, निवारा, जखमांची शुश्रूषा, मालीश, चारा, विश्रांती : घोड्याच्या निगेचे एकही अंग त्यात सुटलेले नाही. आणि ही निगा धर्मयुद्ध थांबवून, धर्माला बाजूस सारून केलेली नाही. ती त्या युद्धाचाच भाग आहे. ज्याच्या बळावर प्रतिज्ञा पुरी व्हावयाची, त्याचे दुःख प्रतिज्ञेपेक्षा क्षुद्र ठरविण्याचा अधिकार प्रतिज्ञा करणारास नाही. ज्या हातांत लगाम होता त्याच हातांत खराराही होता. ज्याला वेळ नाही असे वाटते, त्या गृहस्थाने त्या दिवशी अर्जुनापाशी किती वेळ होता, हे आठवावे.

ह्यावर कोणी म्हणेल, तेथे घोडे कामाचे होते. पुढे रथ ओढावयाचा होता. म्हणून त्यांची निगा झाली. आक्षेप योग्य आहे, आणि त्यातच ह्या प्रश्नाचे मर्म आहे. चालत्या टांग्याच्या घोड्याला वेळेवर चंदी देणारा मनुष्य धर्म करीत आहे की व्यवहार, हे त्या काळात कोणासही, त्याला स्वतःलाही, कळत नाही. दोहोंचे बाह्य रूप एकच असते. घोड्याचे काम थांबते त्या दिवशी ते कळते. ज्याची चंदी त्या दिवशी थांबली, त्याने आजवर घोड्याला खाऊ घातले नव्हते, आपल्या मिळकतीला खाऊ घातले होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या आशेवाचून, केवळ द्यावयाचे म्हणून दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे. थकलेल्या घोड्याला दिलेला चारा ह्या कसोटीस उतरतो. तो परतफेड करूच शकत नाही. किंबहुना, ह्याला दान म्हणणेही अपुरे आहे. दान आपल्या इच्छेचे असते. हे फेडावयाचे ऋण आहे. तिसऱ्या अध्यायात, जे मिळाले त्याचा भाग परत न देता जो उपभोगतो त्याला चोर म्हटले आहे. घोड्याकडून मिळाले ते घेऊन झाले. परत द्यावयाचे तेवढे राहिले.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो विरक्तीच्या भाषेत येतो. श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात राजर्षी भरताची कथा आहे. राज्य सोडून अरण्यात गेलेला तो तपस्वी नदीत पडलेल्या मृगशावकाला वाचवितो, त्याच्या लळ्यात गुंततो आणि अंती त्याचेच चिंतन करीत देह ठेवून मृगजन्मास जातो. मग पशूची माया बंधनकारकच नव्हे काय? त्याला सोडून देणे हेच निर्ममत्व नव्हे काय?

कथा नीट वाचली तर उत्तर तीतच आहे. भरताने बुडते पाडस पाण्यातून काढले, ह्यास कोणीही दोष दिलेला नाही. दोष घडला तो पुढे : नित्यकर्मे एकेक सुटत गेली, आणि पाडसाचे हित मागे पडून ते माझे आहे ही भावना पुढे आली. पाडस दृष्टीआड झाले की तो शोक करी. तो शोक त्याच्या स्वतःच्या रित्या मनाचा होता. म्हणजे भरताने सोडावयास हवे होते ते ममत्व, पाडसाची निगा नव्हे. शरगृहातील श्रीकृष्णाने घोड्यांच्या अंगांवरून तितक्याच मायेने हात फिरविला, आणि ते काम संपताच तो रथावर चढला. सेवा पूर्ण होती, आसक्ती मात्र नव्हती.

अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नेमून आलेले कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग. शरीराला कष्ट पडतील ह्या भयाने टाकणे हा राजस त्याग. आणि कर्तव्य म्हणून ते करीत राहून त्यातील आसक्ती व फळ टाकणे हा सात्त्विक त्याग. घोडा कुरणात हाकलून जो घरी परततो, त्याने स्वतःस विचारावे की आपण काय टाकले. आसक्ती टाकली, की रोजचे खरारा-पाणी टाकले? ईश्वर त्याची काळजी घेईल असे म्हणून जो निघाला, तो मोहात आहे; त्याचा तो त्याग तामस होय. आता कोण रोज एवढे करणार, असे म्हणून जो निघाला, त्याचा राजस. धर्मराजाने राज्य, वैभव, सारे काही सोडले. स्वर्गाच्या दारात मात्र सोबत आलेल्या कुत्र्याला सोडण्यास तो तयार झाला नाही. ज्याला खरा त्याग साधला होता, त्याला काय सोडू नये हेही कळत होते.

तिसरा आक्षेप गरिबीचा. हातावर पोट असलेल्या टांगेवाल्याने काम न करणाऱ्या घोड्याला वर्षानुवर्षे कसे पोसावे? हा आक्षेप हसून टाळण्याजोगा नाही. परंतु घोड्याचे ऋण एकट्या टांगेवाल्याचे आहे काय? त्याच्या पाठीमागे बसून जे देवदर्शनास गेले, लग्नास गेले, ज्यांनी चार पैसे कमी देण्यासाठी घासाघीस केली, त्यांनीही त्या पशूचे श्रम घेतले. मुंबईत हौसेच्या फेरफटक्यासाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली तेथील उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या आणि वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा चालकांचे पुढे काय हा प्रश्न जसा आला, तसा घोड्यांचे पुढे काय हाही आला. समुद्रकाठी त्या गाड्यांतून फिरलेल्या हजारो लोकांपैकी हा प्रश्न आपलाही आहे असे किती जणांना वाटले असेल? गाव घोड्याचे श्रम मिळून घेते. त्याचे म्हातारपण एका दरिद्री माणसाच्या दारात टाकते. म्हणून गरीब धन्यास दोष देण्यापूर्वी संपन्न गृहस्थाने त्याच्या चाऱ्याचा एक वाटा उचलावा, हे न्यायाचे होईल. आणि ज्याला पोसणे खरोखर अशक्य आहे त्याने पशू रस्त्यावर न सोडता, तो धडधाकट आहे तोवरच, पोसू शकणाऱ्याच्या हाती द्यावा.

ह्या जबाबदारीची जाण मराठी माणसास नवी नाही. १६७० च्या दशकात शिवछत्रपतींनी चिपळूणजवळ पावसाळी छावणीस असलेल्या आपल्या अंमलदारांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. साठविलेला दाणा व वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरावी. मन मानेल तशी उधळल्यास पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग रयतेस उपद्रव सुरू होईल. दिव्याच्या वा आगीच्या हयगयीने गवत पेटेल, तेही सांभाळावे, असा त्याचा आशय आहे. उपासाने मेलेला घोडा हा दैवाने मेलेला नसून हयगयीने मारलेला असतो, हा निवाडा त्यात स्पष्ट आहे. त्याच दशकात त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी ह्यांनी तंजावरास राज्य स्थापिले आणि कुंभकोणम् त्या राज्यात आले. त्या भागात मराठी बोलणारी घराणी आजही आहेत. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि त्यांच्या धन्वंतरी महालात माणसांप्रमाणे पशूंच्या औषधांचाही विचार होत असे. नकुलाच्या नावे प्रसिद्ध असलेले अश्वशास्त्र ह्याच ग्रंथालयाने १९५२ साली छापून प्रकाशात आणले. घोड्याच्या वैद्यास मराठीत सालोत्री म्हणतात, तो शब्दही शालिहोत्र ह्या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरूनच आला. ज्ञान आपल्याजवळ होते, शब्दही होता.

तंजावरच्याच शहाजी राजांनी १६९३ साली कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांस दान दिले. त्या गावच्या श्रीधर अय्यावाळ ह्या सत्पुरुषाची कथा तेथे घरोघर सांगतात. घरी श्राद्ध होते, ब्राह्मणांसाठी पाक सिद्ध होता. दारात तथाकथित अस्पृश्य असा एक भुकेला आला, आणि अय्यावाळांनी तेच अन्न त्याला दिले. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले; तेव्हा प्रत्यक्ष गंगा त्यांच्या विहिरीत अवतरली, अशी परंपरा आहे. कार्तिकै अमावास्येस लोक आजही त्या विहिरीवर स्नानास जातात. जी भूक समोर उभी आहे ती कर्मकांडाच्या क्रमाची वाट पाहत नाही, हा त्या कथेचा बोध. आपल्या ठाणावर उभ्या असलेल्या मुक्या जीवाची भूक तर दार ठोठावूही शकत नाही.

राज्याचा कायदाही ह्याच बाजूस आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ त्यांच्याच अध्यक्षतेखाली स्थापन झाले. धन्याने पशूस पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, तसेच भुकेने-तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हे दोन्ही त्या कायद्याच्या ११ व्या कलमाने अपराध ठरविले. परंतु मूळ कायद्यात पहिल्या अपराधास ठेवलेला दंड फार तर पन्नास रुपयांचा आहे. एवढ्या दंडाच्या भयाने जो घोडा पोसील, तो उद्या दंड भरून त्याला सोडूनही देईल. कायदा कुंपण घालू शकतो. मन घालू शकत नाही.

मग गृहस्थाने करावे काय? फार थोडे, परंतु रोज. उंचवट्यावर तीन बाजूंनी भिंत व वर झावळ्यांचे का होईना छप्पर असलेला आडोसा, त्याची पाठ पाऊस ज्या दिशेने येतो तिकडे, म्हणजे कुंभकोणमसारख्या ठिकाणी ईशान्येस, खाली कोरडी जमीन, स्वच्छ पाणी, मिठाचा खडा, वेळच्या वेळी चारा, दिवसातून एकदा अंगावरून हात आणि प्रत्येक खूर उचलून पाहणे, सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, आणि वर्षातून एकदा तरी पशुवैद्य. घोडा कळपाचा जीव आहे, म्हणून त्याला सोबत असावी. दुसरा घोडा नसेल तर एखादी शेळीही चालते. कुरण अवश्य द्यावे, कारण मोकळेपणा हेही त्याचे सुख आहे. परंतु सायंकाळी परत येण्यास ठाण असेल तरच कुरण हा मोकळेपणा होतो, एरवी ते हद्दपारी होय.

गृहस्थाश्रमास इतर आश्रमांचा आधार म्हटले आहे, ते गृहस्थ पुष्कळ मिळवितो म्हणून नव्हे, तर तो अनेकांचा भार वाहतो म्हणून. घोड्यानेही तेच केले. त्याने भार वाहिला आणि तो कधी मोजला नाही. त्याचा भार वाहण्याची पाळी आता धन्याची आहे. ती ज्याने न कुरकुरता, न मिरविता पार पाडली, त्याचेच ऋण सुटले. आणि गीतेतील कर्मयोग त्याला एखाद्या ग्रंथाचे पान न उलटताही रोज सकाळी पाण्याची बादली उचलताना साधला, असे म्हणण्यास हरकत नाही.